भाडेपावती की करार? मुंबईतल्या भाडेवाढीच्या वादामागचा इतिहास

घरमालकाने भाडेवाढीची नोटीस दिली की भाडेकरूचा पहिला प्रश्न असतो, याविरुद्ध दाद मागता येते का? मुंबईत याचं उत्तर हातातल्या कागदावर ठरतं. एकाकडे जुन्या चाळीतली, मालकाच्या सहीची भाडेपावती असते, दुसऱ्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी. एकाच गल्लीत राहणाऱ्या या दोघांचे हक्क इतके वेगळे का, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात बांधकामाचं साहित्य महागलं आणि नवी घरं उठेनाशी झाली. गिरण्या मात्र जोरात होत्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येतच होती. एका खोलीमागे दहा गिऱ्हाइकं उभी असताना मालक भाडं वाढवेल नाहीतर काय? 1915 मध्ये ग्लासगोत हेच घडलं होतं. तिथल्या बायकांनी पुढाकार घेऊन वाढीव भाडं भरायचं नाकारलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. मुंबईत तसा कायदा 1918 मध्ये आला. 1 जानेवारी 1916 रोजी जे भाडं होतं, ते 'प्रमाण भाडं' धरायचं, असं त्यात ठरलं.

ही कल्पना पुढच्या साऱ्या इतिहासाचा पाया आहे. एक तारीख धरायची, त्या दिवशीचं भाडं हा आधार मानायचा आणि त्याहून जास्त मागितलं तर भाडेकरूने कोर्टाला विचारायचं. तोवर मालकाचा शब्द हाच दर होता.

तो कायदा तात्पुरता होता, पण दुसरं महायुद्ध आलं आणि भाडेनियंत्रणही परतलं. त्यातूनच 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा उभा राहिला. आता आधाराची तारीख होती 1 सप्टेंबर 1940. त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसेल तर त्याआधीचं शेवटचं भाडं, आणि जागा नंतर बांधलेली असेल तर पहिल्यांदा दिली तेव्हाचं भाडं. ते पहिलं भाडंच अवाच्या सवा असेल, तर कोर्ट योग्य आकडा ठरवून देई. भाडेकरूने आधी जास्त भाडं कबूल केलं असलं तरी त्याची ही वाट बंद होत नसे. घराची गरज असलेला माणूस काहीही कबूल करतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. या एका गोष्टीसाठी मला तो कायदा आजही मोठा वाटतो.

मात्र दाद मागायची रीत कडक होती. थकबाकीची नोटीस हातात पडली की महिन्याच्या आत प्रमाण भाडं ठरवण्यासाठी अर्ज करायचा आणि कोर्ट सांगेल ती रक्कम भरत राहायची. मुंबईत हे सगळं धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चाले. वाढ अन्यायाची आहे म्हणून भाडंच थांबवणारा भाडेकरू कायद्याच्या नजरेत थकबाकीदार ठरे. म्हणून जुनी माणसं पावत्या जपत. मालकाचा मेहताजी भाडं घेईना, तर मनीऑर्डर करायची आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली की तो कागद पावत्यांच्या गठ्ठ्यात ठेवायचा. भाडं द्यायची तयारी होती, याचा तो पुरावा असे.

पण तारीख गोठली ती गोठलीच. महागाई वाढत गेली, भाडं जवळपास तिथेच राहिलं. ज्या खोलीतून दुरुस्तीचा खर्चही निघत नाही, तिच्या छपराकडे मालक बघेना. इमारती खचू लागल्या आणि 1969 मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. भाड्यात न मिळणारा पैसा पागडीच्या, म्हणजे जागेचा ताबा देताना घेतलेल्या एकरकमी पैशाच्या रूपाने हातोहात फिरू लागला, तोही गुन्हा असताना. नव्या जागा भाड्याने द्यायलाच मालक कचरू लागले आणि त्यांनी 'भाडेकरू' हा शब्द टाळून 'लायसन्सी' ठेवायला सुरुवात केली. 1973 मध्ये सरकारने त्यावरही घाव घातला. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर राहणाऱ्या लायसन्सींना भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. त्यांची सोय झाली, पण मालकांच्या मनात जी धास्ती बसली तिची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, प्रमाण भाड्याची ही तरतूद आता वाजवी राहिलेली नाही. कायद्याची मुदत संपत आलीच होती, म्हणून न्यायालयाने ती रद्द केली नाही. मात्र तीच तरतूद पुढे रेटता येणार नाही, हे स्पष्ट केलं.

त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंसाठी आधाराची तारीख 1 ऑक्टोबर 1987 झाली. त्या भाड्यावर 5 टक्के आणि पुढे दरसाल 4 टक्के वाढ मालकाला मिळाली. सुधारणा वा दुरुस्तीच्या खर्चापोटी वेगळी वाढ मागता येते, पण तीही कायद्याने घातलेल्या मर्यादेत. 'आजूबाजूला बाजारभाव वाढला' हे कारण त्यात कुठेच नाही. त्यामुळे पावतीवाल्या भाडेकरूला एकदम दुप्पट भाड्याची नोटीस आली, तर तो आजही कोर्टाकडे प्रमाण भाडं ठरवून मागू शकतो. मालकाला थकबाकीसाठी दावा लावण्याआधी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. पागडीही आता कायदेशीर झाली. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि 1 कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या मात्र या संरक्षणातून बाहेर गेल्या. ते मला योग्यच वाटतं.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांची बाजू याच कायद्याच्या कलम 24 ने ठरवली. मुदत संपली की जागा सोडायची, न सोडल्यास करारातल्या रकमेच्या दुप्पट भरपाई. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाऊन जागा ताब्यात मागू शकतो. म्हणजे नवा करार करताना मालकाने भाडं कितीही वाढवलं, तरी 'हे योग्य आहे का' असं विचारायला कोर्टच नाही. आज नोकरीसाठी मुंबई-पुण्यात येणारी बहुतेक मुलं याच कराराखाली राहतात आणि दर अकरा महिन्यांनी सामान बांधतात. जुन्या भाडेकरूला वाचवताना कायद्याने नव्याला उघड्यावर ठेवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्या हातात उरतं ते चालू करारातलं कलम आणि कायद्याचं कलम 55. करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मुदतीच्या मध्येच 'पुढच्या महिन्यापासून तीन हजार जास्त' असा निरोप आला, तर करारात वाढ कधी आणि किती लिहिली आहे ते आधी वाचावं, उत्तर लेखी द्यावं आणि ठरलेलं भाडं बँकेतून वेळेवर भरत राहावं. मनीऑर्डरचा तो परत आलेला कागद जे काम करी, तेच आता बँकेतली नोंद करते.