बाळंतिणीचं रक्त नजरेनं मोजू नका

“घाण रक्त आहे, जाऊ दे.” खानापूर-निपाणीकडं बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य अजून कानावर येतं. म्हणणाऱ्या आजीची माया खरी असते. बाळंतपणात थोडं रक्त जातंच, हेही खरं. पण किती गेलं, हे नजरेला कळत नाही. जुनेरात, गोधडीत मुरलेलं रक्त हमखास कमी वाटतं.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. मग गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि बटव्याची नाडी ओढावी तशी ती तोंडं मिटतात. स्नायू सैल राहिले तर रक्त थांबतच नाही. अतिरक्तस्रावाच्या दहापैकी सुमारे सात वेळा कारण हेच असतं. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत राहिलेला, कुठं फाटलेलं किंवा रक्त गोठत नसलेलं.

या दुखण्यावरचं एक महत्त्वाचं संशोधन आपल्याच बेळगाव जिल्ह्यात झालं, आणि ते इथल्या घराघरांत माहीत असायला हवं. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत 1620 बायकांवर हा अभ्यास केला. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या नर्सबाई. बाळ जन्मल्यावर निम्म्याजणींना गर्भाशय आवळायला लावणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्याजणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आजही पहिल्या पसंतीचं, पण ते थंड ठेवावं लागतं. गोळीला फ्रीज लागत नाही, म्हणून दूरच्या वाडीवर ती जीव वाचवू शकते. मात्र ती बाळ बाहेर आल्यावरच, पोटात जुळं नाही याची खात्री करून, आणि प्रशिक्षित हातानंच द्यायची.

माझ्या मते त्या साध्या पिशवीचं महत्त्वही गोळीइतकंच. 500 मिलिलिटर ही जुनी धोक्याची रेघ. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 मध्ये सांगितलं, की 300 मिलिलिटर रक्त गेलं असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला असेल, तर तेव्हाच उपचार सुरू करा. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तर थोडं रक्त जाणंही झेपत नाही.

तरण्या बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि घरच्यांना वाटतं, ठीक आहे. नाडी मात्र आधीच धावू लागते. तहान, घालमेल, गार घाम, डोळ्यांपुढं अंधारी यांतलं काही दिसलं किंवा कापडाची घडी एकामागून एक भिजू लागली, तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाळाला छातीशी लावा, बाईला लघवी करू द्या. बेंबीखाली गर्भाशय मऊ लागत असेल तर नर्सबाई किंवा आशाताई सांगतील तसं ते घट्ट होईपर्यंत चोळा. दवाखान्यात ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवायला मदत करणारं औषध देतात, तेही बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हे तीन तास रस्त्यातच जाऊ शकतात. म्हणून नववा लागण्याआधीच ठरवून ठेवा: बाळंतपण कुठल्या दवाखान्यात, गाडी कुणाची, बाईचा रक्तगट कोणता, आणि रक्त द्यायला बेळगावला कोण कोण जाणार.