जुने प्लोप्रोफ, नवे प्लोप्रोफ : चेहरा एक, हेलियमला उत्तरे दोन

ओमेगाचे १९७० सालचे ‘सीमास्टर ६००’, म्हणजेच मूळ प्लोप्रोफ, आणि त्याच कंपनीने २००९ मध्ये आणलेले ‘प्लोप्रोफ १२००एम’ ही दोन घड्याळे शेजारी ठेवली, तर नवे म्हणजे जुन्याचीच घासूनपुसून लख्ख केलेली प्रत आहे असे वाटते. तोच ओबडधोबड चौकोनी देह, डाव्या अंगाला पोलादी कठड्याआड दडवलेली तीच चावी, आणि उजव्या अंगाला बाहेर आलेले तेच ठळक रंगाचे बटण. मापांतही फार अंतर नाही : जुने ५४ बाय ४५ मिलिमीटर, नवे ५५ बाय ४८. प्लोप्रोफ हे नाव ‘प्लाँझर प्रोफेस्योनेल’, म्हणजे व्यावसायिक पाणबुडे, या फ्रेंच शब्दांचे संक्षिप्त रूप आहे आणि ते दोघांनीही लावले आहे. असे असूनही, ज्या एका अडचणीपायी मूळ घड्याळ जन्माला आले, तिच्यावर या दोघांनी काढलेले उपाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत.

ती अडचण पाण्याची नव्हती, हेलियमची होती. समुद्रतळाशी दिवसचे दिवस काम करायचे असेल, तर पाणबुड्यांना रोज वर-खाली न करता दाबाखालच्या बंद कोठीतच राहायला ठेवतात आणि तेथून ‘घंटे’तून, म्हणजे खाली सोडलेल्या पाणबुड्यांच्या बंद पाळण्यातून, कामावर सोडतात. मुंबई हायच्या तेलक्षेत्रातही ही पद्धत वापरली जाते. फार खोलवर नायट्रोजनाची गुंगी येत असल्यामुळे कोठीत श्वासासाठी हेलियम आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण भरलेले असते. हेलियमचा अणू इतका लहान, की पाण्याला दाद न देणाऱ्या रबरी वॉशरमधूनही तो हळूहळू घड्याळात शिरतो. शिरतो तोवर काही बिघडत नाही. काम संपवून कोठीतला दाब उतरवायला लागले, की आत अडकलेला वायू त्याच गतीने बाहेर पडू शकत नाही, आणि आतून रेटा बसून काच उडते. घड्याळाला हा धोका पाण्यात नव्हे, तर कोरड्या कोठीत असतो, ही गोष्ट जाहिराती वाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

यावर रोलेक्सने १९६७ च्या ‘सी-ड्वेलर’मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली : शिरलेला वायू दाब वाढताच आपोआप बाहेर. ओमेगाच्या अभियंत्यांनी मात्र मुळात वायूला आत येऊच द्यायचे नाही असे ठरवले. त्यासाठी त्यांनी केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, पोलादाच्या एकाच ठोकळ्यातून कोरली, मागचे झाकण ठेवलेच नाही, यंत्र समोरून बसवले आणि त्यावर जाड खनिज काच आट्यांच्या कड्याने घट्ट दाबली. चावीभोवतीचा चौकोनी कठडाही केवळ धक्क्यापासून बचाव करण्यासाठी नव्हता; चावी आत दाबून धरणे आणि ती फट बंद ठेवणे हेच त्याचे खरे काम. सांधे जितके कमी, तितक्या वायूच्या वाटा कमी, असा हा हिशेब होता. समुद्राखालची कामे करणाऱ्या, फ्रान्समधल्या मार्सेच्या कोमेक्स कंपनीच्या पाणबुड्यांनी १९७० मध्ये कॉर्सिका बेटाच्या आजाक्सिओच्या आखातात ‘जानस २’ प्रयोगात २५३ मीटर खोलीवर काम केले, तेव्हा ही घड्याळे त्यांच्या मनगटावर होती.

उपाय नामी होता, पण घड्याळ अवजड, महाग आणि दुरुस्तीला त्रासदायक ठरले. खुद्द कोमेक्स पुढे झडप असलेल्या रोलेक्स घड्याळांकडे वळली, आणि सत्तरचे दशक सरता सरता प्लोप्रोफचे उत्पादन थांबले. पुढे १९९३ च्या ‘सीमास्टर ३०० मीटर’वर ओमेगानेही हेलियमची झडप बसवली आणि हळूहळू ती या मालिकेची खूणच होऊन बसली.

त्यामुळे २००९ चे पुनरुज्जीवन झाले तेव्हा रूप जुने घेतले गेले, तत्त्व मात्र प्रतिस्पर्ध्याचे. नव्या घड्याळात हेलियमची स्वयंचलित झडप आहे. वायूला दारातच अडवण्याचा हट्ट येथे सुटलेला आहे. पुढे २०१५ मध्ये आलेल्या टायटॅनियमच्या आवृत्तीत तर मागच्या बाजूलाही पारदर्शक नीलम-काच आहे. झाकण नसणे हाच ज्याचा अभिमान, त्याच्या वारसाला मागे खिडकी असावी, हे मला जरा गमतीचे वाटते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो त्या बटणाचा. जुन्यातले लाल आणि नव्यातले नारिंगी, दोन्ही बटणे हेलियम सोडण्यासाठी आहेत असे अनेकजण समजतात. ते खरे नाही. दोन्ही घड्याळांत बटण दाबल्याशिवाय बेझेल, म्हणजे काचेभोवतीचे मिनिटांचे कडे, फिरत नाही. एवढेच त्याचे काम. पाण्यात किती वेळ गेला हे पाणबुडा त्या कड्यावरून मोजतो, आणि कशाला तरी घासून ते नकळत सरकले तर हिशेब चुकून जिवावर बेतू शकते. इतर घड्याळांनी कडे एकाच दिशेने फिरणारे करून यातून वाट काढली. येथे ते दोन्ही बाजूंना फिरते, पण कुलूप लावलेले असते.

घड्याळ म्हणून पाहिले तर नवे सरस आहे, यात वाद नाही. जुन्यात १००२ क्रमांकाचे स्वयंचलित यंत्र होते. नव्यातल्या ८५०० मध्ये को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट, म्हणजे यंत्राची गती नियमित ठेवणारी कमी घर्षणाची रचना, आणि ६० तास चालेल इतका शक्तीचा साठा आहे. त्याच्या नीलम-काचेवर चरे सहजी पडत नाहीत. मात्र पाणी सोसण्याच्या खोलीचा आकडा ६०० च्या जागी १२०० मीटर झाला म्हणून पाणबुड्याच्या पदरात काही जास्त पडले असे नाही. कोमेक्सच्याच ‘हायड्रा ८’ मोहिमेत १९८८ साली माणूस खुल्या समुद्रात ५३४ मीटरपर्यंत पोहोचला. जुन्या घड्याळाचा आकडा त्याच्याही पुढचा होता.

जुन्या बाजारात छायाचित्रावरून ओळख पटवायची असेल, तर आधी तबकडीवरची खोली वाचावी, आणि मग घड्याळ उलटे करून मागचे छायाचित्र मागावे. १९७० च्या घड्याळाला तेथे उघडण्याजोगे काहीही नसते.