लिव्हरपूलची हॉटेलं: बोटीची वाट पाहणारं शहर

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनाला लागूनच राजवाड्यासारखी एक दगडी इमारत उभी आहे. हे नॉर्थ वेस्टर्न हॉटेल, वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस, साल १८७१. स्टेशनाला चिकटून एवढं प्रचंड हॉटेल बांधायचं कारण मर्सी नदीवर सापडतं. इथे गाडीतून उतरणाऱ्या कितीतरी जणांना पुढे अमेरिकेची बोट पकडायची असे.

मर्सीला भरती-ओहोटीचा फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. ओहोटी लागली की काठाला लावलेलं जहाज चिखलात बसायचं. म्हणून १७१५ मध्ये इथे दरवाजे असलेली गोदी बांधली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी आतच राहायचं. या सोयीवर शहर श्रीमंत झालं, आणि त्या श्रीमंतीत गुलामांच्या व्यापाराचा पैसा फार मोठा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांच्या व्यापाराचं हे युरोपातलं सर्वांत मोठं बंदर होतं. १८०७ मध्ये ब्रिटनने तो व्यापार बंद केला. पुढे कापसाने जोर धरला.

या कापसाशी आपलाही धागा जुळतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मुंबईहून गासड्यांवर गासड्या लिव्हरपूलला जाऊ लागल्या. हिंदुस्थानातल्या आखूड धाग्याच्या कापसाला तिथल्या बाजारात सरसकट ‘सुरत’ म्हणत. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

पैसेवाल्या प्रवाशांसाठी १८२६ पासून अॅडेल्फी हॉटेल होतं. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेला निघाला तेव्हा तिथेच जेवला. कासवाच्या सुपासाठी हे हॉटेल नावाजलेलं होतं. आज दिसते ती अॅडेल्फीची तिसरी इमारत, १९१४ ची.

पण बंदरावरून गेलेली बहुतेक माणसं अॅडेल्फीची पायरी कधी चढलीच नाहीत, आणि मला तरी या शहराचा खरा इतिहास त्यांचाच वाटतो. १८३० ते १९३० या शंभर वर्षांत सुमारे ९० लाख लोक इथून परदेशी गेले. बटाट्याच्या दुष्काळात, एकट्या १८४७ मध्ये, आयर्लंडहून तीन लाखांच्या आसपास माणसं इथे उतरली. गोदीजवळच्या खाणावळींत, तळघरांत ती दाटीवाटीने राहत. धक्क्यावर दलाल टपलेलेच असत. ते प्रवाशाच्या हातातलं बोचकं हिसकावून थेट ठरलेल्या खाणावळीत नेत आणि सोडवून घ्यायचं तर पैसे मागत. वारा पडला, बोट लांबली की भाडं चढत जाई आणि प्रवासासाठी बांधून आणलेली पुंजी इथेच संपे. पुढे आगबोटींचं वेळापत्रक पक्कं झालं, तसे मुक्कामाचे दिवस घटले.

जेम्स स्ट्रीटवरची लाल विटांची आणि पांढऱ्या दगडांची पट्टेदार इमारत १८९८ ची. हे टायटॅनिकची मालक असलेल्या व्हाइट स्टार लाइन या जहाज कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. टायटॅनिक लिव्हरपूलला कधी आलीच नाही, पण तिच्या मागच्या बाजूला नाव होतं ते याच शहराचं. एप्रिल १९१२ मध्ये बातमी आली आणि रस्ता माणसांनी भरून गेला. कारकून खाली उतरायला धजेनात, म्हणून बुडालेल्यांची नावं वरच्या बाल्कनीतून वाचून दाखवली, असं सांगतात.

त्याआधीच, १९०७ मध्ये, व्हाइट स्टारने न्यूयॉर्कच्या जलद बोटी साउदॅम्प्टनला हलवल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर क्युनार्ड या दुसऱ्या जहाज कंपनीनेही तेच केलं. नॉर्थ वेस्टर्न हॉटेल १९३३ मध्ये बंद पडलं. १८४६ मध्ये उघडलेली अल्बर्ट डॉक ही गोदी मोठ्या जहाजांना केव्हाच अपुरी पडली होती. १९७२ मध्ये तीही बंद झाली. लाकूड टाळून वीट, दगड आणि बिडाच्या खांबांवर उभारलेली तिची गोदामं मात्र टिकली. १९८८ मध्ये डागडुजी होऊन ती पुन्हा उघडली, आणि आता त्यांच्यातही हॉटेल आहे. स्टॅन्ली डॉकच्या जुन्या गोदामात २०१४ मध्ये हॉटेल सुरू झालं, त्याच वर्षी व्हाइट स्टारच्या कार्यालयातही. लाइम स्ट्रीटची इमारत १९९६ पासून विद्यार्थ्यांचं वसतिगृह होती. २०२२ मध्ये तिथे पुन्हा पाहुणे उतरू लागले.