टाइम्स न्यू रोमन

टाइम्स न्यू रोमन : रोमन लिपीचा एक सेरिफ टंक (फाँट). अक्षराच्या रेघेच्या टोकाला जो बारीकसा खूर निघतो, त्याला सेरिफ म्हणतात. लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाची छपाई जुनाट झाली आहे, अशी टीका टंक आणि छपाईची यंत्रे बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९२९ मध्ये केली, तेव्हा पत्राने नव्या टंकाचे काम त्यांच्याच गळ्यात घातले. प्लँटिन या टंकाचा आधार घेऊन रेखाटने व्हिक्टर लार्डंट यांनी केली. ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून तो वापरात आला आणि १९७२ पर्यंत टिकला.

वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात जास्त मजकूर बसावा, तरी डोळ्यांना त्रास होऊ नये, ही अट या रचनेत सगळीकडे दिसते. अक्षरे आवळलेली, छोट्या अक्षरांचे पोट मोठे, उभ्या रेघा जाड, जोड बारीक, खूर टोकदार. प्रबंधाच्या रुंद पानावर हाच आवळपणा उलट जाचतो. ओळ लांबते आणि नजर चुकते. दीड ओळीचे अंतर ठेवल्यावर पान जरा सुसह्य होते.

१९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर हा टंक विंडोजच्या संगणकांवर आला आणि पुढे वर्डमध्ये न मागता मिळू लागला. २००७ च्या आवृत्तीत ती जागा कॅलिब्री या टंकाने घेतली. तरीही मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या विद्यापीठांच्या परिसरात ‘इंग्रजी थीसिस’ म्हटले की डीटीपीवाला बहुधा न विचारता १२ पॉइंटाचा टाइम्स लावतो.

मराठी मजकुरात मात्र या टंकाची ओळख वेगळी आहे. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की वर्ड अनेकदा त्याच्या जागी टाइम्स लावतो, आणि कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच असा दिसतो. लातूरला जुळवलेला मजकूर परभणीत उघडल्यावर ‘फाइल करप्ट झाली’ अशी ओरड होते, तेव्हा पुष्कळदा मजकूर शाबूत असतो. मूळ फाँट लावला की परत मराठी उमटते.

प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीमुळे ही भानगड मिटली, पण मराठी आणि टाइम्स यांची जोडी जमली नाही. टाइम्समध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठीसाठी संगणक मंगल किंवा निर्मला हा देवनागरी टंक पुढे करतो. या दोन्हींच्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या, तर शेजारच्या टाइम्समध्ये जाडबारीक ठसठशीत. शिवाय बोरूची कत (टोकाचा तिरका छेद) वेगळी असल्याने देवनागरीच्या परंपरागत वळणात जाडबारीकपणाचा कल रोमनच्या उलट पडतो. एकाच पॉइंटात दोन्ही ठेवले तर मराठी लहान दिसते, म्हणून जाणकार जुळारी इंग्रजी १२ आणि मराठी १४ किंवा त्याहून मोठे ठेवतो.