घरच्या घरी कुत्र्याची निगा : आधी कंगवा, मग पाणी

मार्च लागला की नागपुरातल्या आमच्या कुत्र्यांचे केस कापायच्या दुकानात एकच मागणी सुरू होते. "भाऊ, लय तापते आता, याले टकलाच करून टाका." टेबलावर लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड नाहीतर गुबगुबीत पॉमेरियन उभा असतो. आम्ही नाही म्हणतो, आणि ग्राहकाला वाटतं आम्हाला कामाचा कंटाळा आहे. तसं नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि आत मऊ लोकर. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. त्यामुळे केस उडवून त्याला आपल्याला वाटतो तेवढा गारवा मिळत नाही. उलट मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असताना उघडं कातडं सरळ उन्हात येतं आणि भाजतं. पुन्हा येणारे केस काही कुत्र्यांत कुठे विरळ, कुठे लोकरीसारखे उगवतात आणि वर्षभर तसेच राहतात. त्याला खरंच हलकं करायचं असेल तर आतली मेलेली लोकर विंचरून काढा. वरचे केस राहू द्या, त्यांच्यातून हवा खेळते.

शिह त्झू, माल्टीज, पूडल यांची गोष्ट वेगळी. त्यांचे केस वाढतच राहतात, कापावेच लागतात. तरी मुळापासून नको, बोटाच्या पेराएवढे ठेवा. गावठी कुत्र्यांना रबरी ब्रश आठवड्यातून दोनदा फिरवला की पुरे. निगा राखायला इतकं सोपं जनावर दुसरं नाही, हे आमचं प्रामाणिक मत आहे, धंद्याला परवडणारं नसलं तरी.

विंचरणं

सगळ्या कामातलं मुख्य काम हेच. बहुतेक घरांत अंघोळ नेमाने होते आणि कंगवा कपाटात पडून राहतो. दुहेरी केसांना लोकर काढायचा दाताळा कंगवा लागतो, लांब केसांना बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि सोबत स्टीलचा कंगवा. ब्रश आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहा. तुम्हाला बोचला तर त्यालाही बोचणार.

वरवर ब्रश फिरवला की केस चमकतात आणि आपण फसतो. एका हाताने केस उलटे धरा, कातडीची रेघ दिसू द्या, तिथून खाली विंचरा, मग वरची ओळ घ्या. गाठी होतात त्या जागा ठरलेल्या : कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या आत, शेपटीच्या बुडाशी. गाठ सापडली तर तिच्यावर थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी सुटी करा, मग टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं विंचरा. कात्री लावू नका. गाठीबरोबर कातडीही ओढली जाऊन वर येते आणि केसांसोबत तीच कापली जाते. अशा जखमा घेऊन येणारे कुत्रे आम्ही नेहमी पाहतो.

गाठ असताना अंघोळ घातली की ती आवळते आणि आत ओल राहते. ओलीखाली कातडी लाल होते, चिघळते, वास येतो. आधी कंगवा, मग पाणी म्हणतो ते यासाठीच.

अंघोळ

पोळ्याच्या आधी बैल धुतात तसा कुत्रा घासून धुवायचा नसतो. साधारण तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. चिखलात लोळला तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती ओली असताना पुसायला गेलात तर पसरते, नुसत्या पाण्याने पंजे धुवा.

माणसांचा शाम्पू नको, लहान बाळांचाही नको. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा कमी असते, आपल्या साबणाने ती कोरडी पडते आणि खाज सुरू होते. "जंतू मरतील" म्हणून जंतुनाशकाचं झाकण बादलीत ओतणारेही आहेत. कृपा करून ते बंद करा. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे ते सगळं त्याच्या पोटात जातं.

उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही. अंघोळ सकाळी घाला आणि पाणी आधी मनगटावर घ्या. डिसेंबर-जानेवारीत उलट, दुपारचं ऊन पाहून कोमट पाणी. न्हाणीत खाली जुनं पायपुसणं टाका, पाय घसरला की तो घाबरतो आणि पुढच्या वेळी आत यायचं नाव काढत नाही. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून लावा, तोंड शेवटी धुवा, कानात पाणी जाऊ देऊ नका. शाम्पू निघाला असं वाटल्यावर आणखी एकदा धुवा, कारण बहुतेक वेळा तो निघालेला नसतो.

वाळवताना आधी टॉवेलने दाबून पाणी टिपा, मग ड्रायर थंड किंवा कोमट हवेवर. कूलरसमोर बसवून वाळवायची आपली आवडती पद्धत पावसाळ्यात कामाची नाही, ती हवाच दमट असते.

कान आणि नखं

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. त्यामुळे काडीने मळ निघत नाही, आत ढकलला जातो. कान धुवायचं औषध आत सोडा, कानाचं बूड बाहेरून चोळा, त्याला डोकं झटकू द्या, वर आलेला मळ कापसाने पुसा. घाण वास, काळसर मळ किंवा एका बाजूला कललेली मान असेल तर औषध टाकू नका, डॉक्टरांकडे न्या.

फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज आला की ती वाढलीत असं समजा. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबा. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की हात आवरा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि गोल वळून मांसात रुततं. ते विसरू नका.

गोचीड

फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स किंवा घरामागच्या रिकाम्या प्लॉटवरून फिरून आलात की दारातच कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली हात फिरवा. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळंही तिथेच सापडतात. बोटांमध्ये शिरलेलं कुसळ आतल्या आत पुढे सरकत जातं आणि गळू होतं.

गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, कापूर, पेटती काडी काही नको. बोटाने चिरडूही नका, साबणाच्या पाण्यात टाका. एक मादी हजारो अंडी घालते, आणि ती कुत्र्यावर नाही, भिंतीच्या भेगांत, कूलरच्या स्टँडमागे, त्याच्या गोणपाटाखाली. म्हणून नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. गोचिडीचं औषध डॉक्टरांना वजन सांगूनच घ्या. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

गोचीड लागल्यानंतर कुत्रा मलूल झाला, जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची शंका घ्या. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आपल्या शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, शिवाय खासगी डॉक्टरही आहेत. अशा वेळी आमच्याकडे अंघोळीला आणू नका.

आमच्याकडे आणताना

ढुंगण घासत चालणं, सगळ्या अंगावर नमद्यासारखे चिकटलेले केस, चावा घेणारा कुत्रा, ही कामं घरी करू नका. घासत चालणाऱ्याला आधी डॉक्टरांना दाखवा, बाकीचं आम्ही पाहू. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरची वेळ घ्या, तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. निघण्याआधी पोटभर खायला घालू नका, घरी अंघोळ घालून आणू नका, आणि रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत ठेवा. कार्ड नसेल तर आम्ही कुत्रा टेबलावर घेत नाही, ओळखीचा असला तरी.