पर्यटन वाढवणं वेगळं, पर्यटनावरची भिस्त कमी करणं वेगळं

पर्यटनावर जगणाऱ्या शहरात नवं स्टेडियम किंवा प्रदर्शन केंद्र उभं राहिलं, की शहर आता एकाच धंद्यावर विसंबून नाही, असं सांगितलं जातं. पण पर्यटकाला खर्च करायला आणखी एक जागा देणं आणि पर्यटक आला नाही तरी चालणारा धंदा शहरात आणणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पहिली लास वेगासला उत्तम जमली. जुगाराला शोंची, खरेदीची, व्यापारी प्रदर्शनांची जोड मिळाली. 2017मध्ये आइस हॉकीचा व्यावसायिक संघ आला, 2020मध्ये अमेरिकन फुटबॉलचा. स्ट्रिप या तिथल्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांची इतर कमाई जुगाराच्या कमाईपुढे केव्हाच गेली. फायदा खराच झाला, कारण शनिवार-रविवारी भरणाऱ्या खोल्या प्रदर्शनांमुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांतही भरू लागल्या. मात्र हॉटेल, शो आणि स्टेडियम यांचं गिऱ्हाईक बरंचसं एकाच विमानातून उतरतं. मार्च 2020मध्ये कोविडमुळे लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडातले कॅसिनो बंद झाले, त्याबरोबर शो थांबले, प्रदर्शनं रद्द झाली. एप्रिलमध्ये लास वेगास परिसरातली बेरोजगारी 30 टक्क्यांच्या वर होती.

दुसरी गोष्ट त्याच राज्यातल्या रिनो या दुसऱ्या कॅसिनोंच्या शहराला करणं भाग पडलं. 2000 साली कॅलिफोर्नियाने मूलनिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवर नेवाडासारखे कॅसिनो चालवायची मुभा दिली आणि रिनोचं तिथून येणारं जुनं गिऱ्हाईक घराजवळच खेळू लागलं. पण कॅलिफोर्निया शेजारी असण्याचा दुसराही उपयोग होता: तिथे जमीन महाग, इथे स्वस्त, आणि दोन्हींना जोडणारा महामार्ग तयार. रिनोच्या पूर्वेला औद्योगिक वसाहतीत गोदामं आली, डेटा सेंटर म्हणजे कंपन्यांचे संगणक ठेवायच्या इमारती आल्या, आणि 2014मध्ये टेस्लाने बॅटरी कारखान्यासाठी तीच जागा निवडली. बॅटरी विकत घेणाऱ्याला रिनोला यावं लागत नाही.

अशा प्रकल्पाची घोषणा वाचताना मी एकच गोष्ट पाहतो: विमानतळ महिनाभर बंद राहिला, तर या धंद्यातले पगार होतील का?

अर्थात पगार होतील, पण किती जणांचे? डेटा सेंटर प्रचंड असलं तरी आत माणसं मोजकीच लागतात. हॉटेलातून कमी झालेल्या शेकडो जणांना ते सामावून घेत नाही. कारखान्याचं गणित बरं, पण त्यासाठी राज्याने टेस्लाला सव्वा अब्ज डॉलरांहून जास्त करसवलती दिल्या, आणि रिनोत घरं महागली. शिवाय नेवाडात व्यक्तिगत प्राप्तिकर नाही. त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून प्राप्तिकर म्हणून राज्याच्या तिजोरीत काही जात नाही, आणि विक्रीकर व जुगारावरचा कर यांच्यासाठी राज्य अजूनही पाहुण्यांचीच वाट पाहतं.