पाचशे जणांत एकही नाही?

इंग्लंडच्या पुरुष फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ, आणि प्रत्येकाच्या यादीत साधारण २५ खेळाडू. म्हणजे ढोबळ हिशेबाने ५०० जण. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या १६ वर्षांवरच्या दीड टक्के लोकांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. आता शाळेतली संभाव्यता आठवा. एखादा खेळाडू समलिंगी नसण्याची शक्यता ०.९८५. हा आकडा ५०० वेळा स्वतःशीच गुणला की उरतात जेमतेम ०.०००५. पाचशेच्या पाचशे जणांत एकही समलिंगी नसावा, याची शक्यता दोन हजारांत एक.

तरीही १९९२ मध्ये ही लीग सुरू झाल्यापासून, तिथे खेळत असताना ‘मी गे आहे’ असं जाहीरपणे सांगणारा एकही खेळाडू हा लेख लिहीपर्यंत पुढे आलेला नाही.

हे गणित इथे तंतोतंत लागू पडत नाही, हे मान्य. खेळाडू जगभरातून येतात, त्यांना इंग्लंडच्या जनगणनेचा गज लावता येत नाही. शिवाय ड्रेसिंग रूममधली भाषा ऐकून चौदा-पंधराव्या वर्षीच खेळ सोडून देणारी मुलं या यादीपर्यंत पोहोचतच नाहीत. पण दीड टक्क्याऐवजी अर्धा टक्का धरला, तरी शून्य येण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपासच राहते. जर्मनीकडून ५२ सामने खेळलेला थॉमस हिट्झल्सपर्गर ॲस्टन व्हिला, वेस्ट हॅम आणि एव्हर्टन या तीन इंग्लिश क्लबांत खेळला, आणि बोलला तो जानेवारी २०१४ मध्ये, निवृत्तीनंतर. म्हणजे शून्य आहे ते माणसांचं नव्हे, बोलण्याचं.

याच खेळाच्या महिला विभागात हे शून्य नाही. २०१९ च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा आणि सर्वाधिक गोलांचा, असे दोन्ही पुरस्कार मिळवणारी अमेरिकेची मेगन रॅपिनो आपण लेस्बियन असल्याचं कधीपासून उघड सांगत होती. चेंडू तोच, नियम तेच. मग गोम कशात आहे?

भीती निराधार नाही, हे आधी सांगायला हवं. जस्टिन फॅशनू १९८१ मध्ये दहा लाख पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबकडे गेला. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू. तो गे बारमध्ये जातो हे कळल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लफने त्याला संघाबरोबर सराव करायला बंदी केली. तरीही तो सरावाला आला, तेव्हा पोलीस बोलावून त्याला बाहेर काढलं. आधीच्या नॉर्विच क्लबसाठी धडाधड गोल करणारा हा पोरगा फॉरेस्टकडून लीगच्या ३२ सामन्यांत फक्त तीन गोल करू शकला. ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने वर्तमानपत्रातून आपली ओळख जाहीर केली, तेव्हा सख्ख्या भावाने, तोही फुटबॉलपटूच, त्याच्याशी जाहीर फारकत घेतली. १९९८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, जस्टिनने आयुष्य संपवलं. त्याआधी अमेरिकेत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता, त्यामुळे त्याच्या मृत्यूचं एकच कारण सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण पुढच्या पिढीतल्या मुलांनी त्याच्या गोष्टीतून घ्यायचा तो धडा घेतला.

ही गोष्ट जुनी झाली. आजच्या प्रेक्षकांचं काय? समाजशास्त्रज्ञ एलिस कॅशमोर आणि जेमी क्लीलँड यांनी सुमारे साडेतीन हजार लोकांची ऑनलाइन, निनावी मतं गोळा केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९३ टक्के चाहत्यांनी म्हटलं, समलिंगी द्वेषाला फुटबॉलमध्ये जागा नाही. आता अशा पाहणीला उत्सुकतेने उत्तरं देणारे चाहते म्हणजे सगळे चाहते नव्हेत. आणि निनावी असलो तरी माणूस स्वतःला जरा बरंच दाखवतो. मी तो आकडा ९३ वरून ७० वर आणायला तयार आहे. तरी प्रश्न उरतोच: एवढे लोक विरोधात असतील, तर स्टेडियममध्ये शिव्या कोण देतं, आणि बाकीचे गप्प का बसतात?

इथे मानसशास्त्रातली एक जुनी कल्पना कामी येते. १९३० च्या सुमारास फ्लॉइड ऑलपोर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं ‘प्लुरॅलिस्टिक इग्नरन्स’. मराठीत ‘सर्वांचा एकमेकांबद्दलचा गैरसमज’ म्हणू. मास्तर विचारतात, “कळलं का रे?” कळलेलं कुणालाच नसतं, पण कुणीच हात वर करत नाही. प्रत्येकाला वाटतं, मी गप्प आहे तो लाजेपोटी. बाकीचे गप्प आहेत कारण त्यांना कळलंय. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी विद्यार्थ्यांना दारूबद्दल विचारलं. बहुतेकांना पार्ट्यांमधलं पिणं स्वतःला खटकत होतं, पण बाकीच्यांना ते खटकत नाही, अशी त्यांची खात्री होती. वागणं मग त्या काल्पनिक ‘बाकीच्यां’कडे बघून ठरतं.

खेळाच्या मैदानावर याचा सर्वांत नेमका पुरावा माझ्या मते फुटबॉलचा नाही, ऑस्ट्रेलियातल्या रग्बीचा आहे. एरिक डेनिसन आणि सहकाऱ्यांनी १६ ते २० वर्षांच्या १६७ खेळाडूंना विचारलं: गेल्या दोन आठवड्यांत समलिंगींना हिणवणारे शब्द तू वापरलेस का? ४९ टक्के हो म्हणाले. सहकाऱ्यांनी वापरले का? ७३ टक्के हो म्हणाले. हा फरक म्हणजे निव्वळ खोटेपणा नव्हे. पंधरा जणांत एक तोंडाळ असला तरी तो पंधराही जणांना ऐकू जातो. गप्प बसलेला कुणालाच ऐकू जात नाही. याच गटाच्या संशोधनात दिसलं की असे शब्द वापरण्याचा संबंध मनातल्या द्वेषापेक्षा ‘संघात सगळे असंच बोलतात’ या समजुतीशी जास्त आहे.

हे वाचताना मला आमचं शाळेचं मैदान आठवलं. पावसात, चिखलात, टॅकल करताना जरा कुणी कच खाल्ली की “ए बायल्या!” अशी हाक यायची. मीही मारली आहे. त्या शब्दाचा अर्थ काय, तो कुणाला लागतो, असला विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हता. आणि ज्याच्या डोक्यात असेल, त्याने तो बोलून दाखवण्याची काही शक्यताच नव्हती.

मग मुलांना समजावून सांगावं, असं वाटतं. डेनिसन यांनी तेही करून पाहिलं. काही संघांना व्यावसायिक खेळाडूंकरवी या विषयावर धडा दिला, काहींना दिला नाही, आणि नंतर दोन्हींची तुलना केली. भाषेत लक्षणीय फरक पडला नाही. पाहुणा येतो, बोलतो, जातो; उद्याच्या सरावाला तोच कर्णधार आणि तोच तोंडाळ असतो. वरून मिळणारे इशारेही मुलं बरोबर वाचतात. २०२२ च्या कतार विश्वचषकात सात युरोपीय संघांचे कर्णधार समावेशाचा संदेश देणारा आर्मबँड बांधणार होते. फिफाने पिवळ्या कार्डाची तंबी दिली आणि सातही संघांनी तो बाजूला ठेवला.

मतं बदलतात ती कशाने? फ्लॉइडचा धाकटा भाऊ गॉर्डन ऑलपोर्ट याने १९५४ मध्ये मांडलं होतं की योग्य परिस्थितीतल्या सहवासाने पूर्वग्रह ओसरतो. फुटबॉलमध्ये त्याची चाचणी झाली ती वेगळ्या पूर्वग्रहावर. मोहम्मद सलाह हा मुस्लिम खेळाडू २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबमध्ये आला. त्यानंतर त्या भागातले द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी घटले आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या मुस्लिमविरोधी ट्विटचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. प्रत्यक्ष ओळख लागली नाही, टीव्हीवरची पुरली. मात्र सलाहचा धर्म गोल केल्यावरच्या सजद्यातून आपोआप दिसतो. समलिंगी खेळाडूला तोंड उघडावं लागतं, म्हणजे औषध घेण्याआधीच बरं व्हायचं.

गप्प राहण्याचीही किंमत असते. क्लेटन क्रिचर आणि मेलिसा फर्ग्युसन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना मुलाखतीत आपला लैंगिक कल कळू न देता बोलायला सांगितलं. नंतरच्या बुद्धीच्या आणि दमाच्या चाचण्यांत ते मागे पडले. ‘मन दमतं’ या प्रकारच्या संशोधनाला नंतर बरेच धक्के बसले आहेत, तेव्हा याला अंतिम शब्द मानू नये. पण दर वाक्याआधी मनात चाळणी लावणं फुकटात होत नसणार.

मे २०२२ मध्ये ब्लॅकपूलचा १७ वर्षांचा जेक डॅनियल्स बोलला. फॅशनूनंतर खेळत असताना हे सांगणारा तो ब्रिटनमधला पहिला व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू. मध्ये ३२ वर्षं गेली होती. जगाला सांगण्याआधी त्याने आईला आणि बहिणीला सांगितलं होतं. घरी सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी ॲक्रिंग्टनविरुद्ध सामना होता. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, तरी नोंदवून ठेवतो: त्या सामन्यात डॅनियल्सने चार गोल केले.